बेरजेला कुठला सूर?

घरच्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित करून तिथेच मिक्स करणाऱ्या तरुणांत एक वाद कायम रंगतो : कुठल्या सॉफ्टवेअरचा आवाज चांगला? कोणी म्हणतं प्रो टूल्सचा आवाज भरदार, कोणी लॉजिकचा मऊ म्हणतं, आणि रीपर स्वस्त आहे म्हणून त्याचा आवाजही हलका ठरवला जातो. या समजापायी चांगलं चाललेलं काम सोडून लोक नवं सॉफ्टवेअर विकत घेतात, म्हणून याचा निकाल लागायला हवा. तो लावताही येतो.

मिक्सिंगच्या वेळी संगणक करतो ते गणित अगदी साधं आहे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे 44,100 आकडे, म्हणजे सॅम्पल, असतात. तबल्याच्या ट्रॅकमधला एका क्षणाचा आकडा घ्यायचा, त्याच क्षणाचा पेटीचा आणि गळ्याचा घ्यायचा, ज्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) जिथे असेल त्या हिशेबाने त्याला गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ही बेरीज कुठल्याही कंपनीने केली तरी उत्तर तेच येतं.

उत्तरात बारीक फरक पडू शकतो, तो शेवटच्या अंकात. 32 बिट फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत संख्येचे 24 द्विमान अंक अचूक राहतात, 64 बिटमध्ये 53. बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक इकडचा तिकडे होतो. पण ही चूक पूर्ण पातळीच्या आवाजापेक्षा सुमारे 140 डेसिबल खाली असते. ऐकू येण्याच्या उंबरठ्यापासून कान दुखेपर्यंतची माणसाची सगळी मजल साधारण 120 डेसिबलची आहे.

या समजाला जुन्या काळात थोडा आधार होता. प्रो टूल्सच्या महागड्या जुन्या यंत्रणेत फिक्स्ड पॉइंट गणित चाले. मधल्या एखाद्या टप्प्यावर पातळी मर्यादेबाहेर गेली की तिथेच आवाज फाटायचा. 2011 मध्ये प्रो टूल्स 10 बरोबर आलेल्या यंत्रणेने फ्लोटिंग पॉइंट स्वीकारला आणि तो आधारही गेला.

मग अनेकांना ऐकू येणारा फरक खोटा का? मुळीच नाही. मात्र त्याचं कारण बेरजेत नसतं, बहुतेक वेळा ते पॅन लॉमध्ये सापडतं. मधोमध ठेवलेला आवाज दोन्ही स्पीकरांतून येतो, त्यामुळे तो एका कडेला ठेवलेल्या आवाजापेक्षा मोठा वाटतो. हे सावरण्यासाठी सॉफ्टवेअर मधला आवाज खाली आणतं : कुठे 3 डेसिबल, कुठे 4.5, कुठे 6, तर कुठे काहीच नाही. प्रो टूल्समध्ये आवृत्ती 9 येईपर्यंत 2.5 हा एकच ठरलेला आकडा होता. आता तेच ट्रॅक, तेच फेडर घेऊन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. गायक, बेस, ढोल हे सगळे मधोमध असतात, आणि कडेच्या वाद्यांशी त्यांचं प्रमाणच बदललेलं असतं. 3 डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, ती कोणालाही जाणवेल. ऐकणारा मात्र त्याला सॉफ्टवेअरचा स्वभाव समजतो.

त्यात कानाची भर पडते. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून किंचित मोठं वाजलेलं गाणं अधिक भरीव वाटतं, आणि अर्ध्या डेसिबलचा फरकही मोठेपणा म्हणून न जाणवता दर्जा म्हणून जाणवतो. शिवाय समोरच्या पडद्यावरचं नाव आणि रंग दिसत असतात. कोणतं सॉफ्टवेअर वाजतंय हे माहीत असताना दिलेला निवाडा म्हणूनच मला मान्य नाही.

खात्री करून घेण्याचा मार्ग म्हणजे नल टेस्ट. दोन्हीकडे एकच पॅन लॉ ठेवा, डिदर हा मुद्दाम मिसळला जाणारा सूक्ष्म गोंगाट बंद करा, कोरस किंवा रिव्हर्बसारखे दर वेळी वेगळे वाजू शकणारे प्लगिन काढा, आणि एकाच सॅम्पल रेटला फाइल एक्स्पोर्ट करा. दोन्ही फाइल अगदी सॅम्पलला सॅम्पल जुळवून एकीची पोलॅरिटी उलटी करा (अधिकचं उणे, उण्याचं अधिक) आणि एकत्र वाजवा. सारखं ते सारख्याला खाऊन टाकतं, उरतो तो फक्त फरक. मीटर तळाला राहिला तर वाद मिटला.

खरा फरक आहे तो इतरत्र. गाण्याची लय बदलताना आवाज ताणणारे अल्गोरिदम, सॅम्पल रेट बदलण्याची पद्धत, सोबत मिळणारे ईक्यू आणि कॉम्प्रेसर हे प्रत्येकाचे निराळे असतात आणि ते ऐकू येतात. हॅरिसन कंपनीचं मिक्सबस हे सॉफ्टवेअर तर जुन्या कन्सोलचा रंग मुद्दाम मिसळतं, तिथे बेरजेआधी आणि नंतर प्रक्रिया होते.

म्हणून ज्यात हात भराभर चालतो, ते सॉफ्टवेअर ठेवा. नव्यासाठी काढलेले पैसे आधी खोलीतला घुमणारा आवाज आवरण्यावर आणि चांगल्या स्पीकरांवर खर्च करा. तरीही बदलायचंच असेल, तर विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या एका गाण्यावर नल टेस्ट करून बघा.