गहू नाही, दूध नाही, साखर नाही... तरी हाऊसफुल्ल!

मेन्यूकार्डावर चिकन नाही. चीज नाही, ब्रेड नाही, उसाची साखर तर अजिबातच नाही. असं हॉटेल चालेल का हो? चाललं, आणि भन्नाट चाललं! अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात, मिसिसिपी नदीच्या काठावर २०२१ मध्ये 'ओवाम्नी' सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी त्याने जेम्स बिअर्ड पुरस्कारांमध्ये 'बेस्ट न्यू रेस्टॉरंट'चा मान पटकावला. तिकडच्या हॉटेल इंडस्ट्रीतलं हे ऑस्करच समजा!

यामागचा शेफ म्हणजे ओग्लाला लकोटा या आदिवासी जमातीतला शॉन शर्मन. युरोपीय लोकांनी अमेरिकेत आणलेलं काहीच वापरायचं नाही, हा त्याच्या किचनचा फंडा.

डबाबंद बालपण

शॉनचा जन्म १९७४ चा, साउथ डकोटातल्या पाइन रिज रिझर्व्हेशनमधला. रिझर्व्हेशन म्हणजे आदिवासींची जमीन घेऊन त्यांना जिथे बसवलं, तो भूभाग. किराणा दुकानं मोजकीच. घरात यायचे ते सरकारी मदतीचे डबे. तेराव्या वर्षी तो हॉटेलात कामाला लागला आणि पुढे मिनिआपोलिसमध्ये थेट एक्झिक्युटिव्ह शेफ झाला. करिअर एकदम सेट!

मग आला बर्नआउट. ब्रेक घेऊन स्वारी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर गेली. तिथल्या हुइचोल आदिवासींनी आपली कला अजून जपलेली पाहिली आणि त्याची ट्यूब पेटली. युरोपातल्या शेकडो रेसिपी पाठ, पण आपल्या पणजोबांच्या ताटात काय होतं? पाटी कोरी!

ही पाटी आपोआप कोरी झाली नव्हती. एकोणिसाव्या शतकात माळरानावरचे कोट्यवधी बायसन मारले गेले, उरले जेमतेम काहीशे. मुलांना बोर्डिंग स्कूलमध्ये टाकून भाषा तोडली, चवही तोडली. आज 'पारंपरिक' म्हणून मिरवणारा फ्राय ब्रेडसुद्धा सरकारी रेशनच्या पिठातून आणि चरबीतून जन्मलेला. मधुमेहाचं प्रमाणही याच समाजात सर्वाधिक असलेल्यांपैकी.

नावातच गंमत

२०१४ मध्ये शॉनने कंपनी काढली, 'द सू शेफ'. हॉटेलच्या किचनमध्ये दोन नंबरचा बॉस म्हणजे सू शेफ. आणि लकोटांना इंग्रजीत म्हणतात सू! पदार्थांत बायसनचं मांस, टेपरी बीन्स, रानबेरी आणि जंगली तांदूळ. उजिब्वे लोक होडीतून फिरत, काठ्यांनी ओंब्या झोडपून हा तांदूळ गोळा करतात. माल घ्यायचा तो शक्यतो आदिवासी उत्पादकांकडूनच, म्हणजे पैसा त्यांच्याच खिशात. २०१७ मध्ये पुस्तक आलं, २०१८ मध्ये त्यालाही जेम्स बिअर्ड पुरस्कार.

पण शहरातले खवय्ये खूश झाले म्हणून रिझर्व्हेशनवरच्या पोरांचं पोट कसं भरणार? त्यासाठी शॉनने ना-नफा संस्था उभारली. तिच्या 'इंडिजिनस फूड लॅब'मध्ये आदिवासींना हे जुनं अन्न शिजवण्याचं आणि त्यावर धंदा उभा करण्याचं ट्रेनिंग मिळतं. २०२० मध्ये कोरोनाकाळात याच किचनमधून आदिवासी वस्त्यांसाठी जेवण गेलं.

आता म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण मका, राजमा, लाल भोपळा, अगदी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातल्या आदिवासींनीच हजारो वर्षं जोपासलेली! तेव्हा पुढच्या पावसाळ्यात गाडीवरच्या भाजलेल्या कणसाला लिंबू-तिखट जरूर चोळा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की ज्यांनी हे बियाणं जगाला दिलं, त्यांच्याच पोरांच्या ताटात ते परत यावं म्हणून एक शेफ झगडतोय.