आवाज आहे, चित्र नाही!

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. गर्ल्स हॉस्टेलची कॉमन रूम खचाखच भरलेली. आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल, आणि तीही एक्सप्रेस-वे उतरलं की लगेच, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये! पावसामुळे मॅच दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाली. शेफाली वर्माच्या ८७ रन्स सगळ्यांनी ओरडत बघितल्या. भारत ७ बाद २९८. मग दक्षिण आफ्रिकेची बॅटिंग रंगात आली आणि... लाइट गेली!

दोन मिनिटांत आलीसुद्धा. पण टीव्हीवर काळा पडदा आणि 'नो सिग्नल'. गंमत म्हणजे होम थिएटरमधून कॉमेंट्री खणखणीत चालू. कोणी मोबाइलवर मॅच लावली, तर मोबाइल कॉमेंट्रीच्या अर्धा मिनिट मागे. शेवटी काळ्या टीव्हीसमोर बसून आम्ही रेडिओसारखी मॅच ऐकली. दीप्ती शर्माची पाचवी विकेट, हरमनप्रीतचा कॅच, ५२ रन्सनी विजय... सगळं आधी कानांनी, मग मोबाइलवर डोळ्यांनी.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशींनी टीव्हीच्या मागची जाळी काढली होती. झालं! "मावशींनीच वायर ओढली असणार." हे वाक्य त्या रात्री बऱ्याच जणींनी म्हटलं. खरं सांगायचं तर मीही म्हटलं. सोमवारी मेकॅनिक आला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार." हे पैसे मावशींच्या पगारातून कापायचे अशी चर्चा सुरू झाली. मावशी मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मी नुसतं फडकं मारलं गं. वायरला हात पण नाही लावला."

मी ई अँड टीसीची, थर्ड इयरला. मला फार लाज वाटली. शोध न लावताच मी निकाल देऊन टाकला होता!

उन्हाळ्यात चाकणला एका ऑटो कंपनीत आमचं इनप्लांट ट्रेनिंग झालं. तिथे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी 'कॅन बस' नावाच्या दोन तारांवरून बोलतात. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. गाडी बंद करून मल्टिमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय असं समजायचं. एकही पार्ट न बदलता अर्धं उत्तर हातात! तिथले सुपरवायझर सर म्हणायचे, "आधी बघ, कुठपर्यंत पोचतंय." मी तेच करायचं ठरवलं.

आमची साखळी साधी आहे : सेट-टॉप बॉक्स, तिथून होम थिएटर, तिथून टीव्ही. आवाज होम थिएटरमधून येत होता, म्हणजे बॉक्स आणि होम थिएटरपर्यंत सगळं ठीक. घोळ पुढच्या टप्प्यात. रेक्टर मॅडमची परवानगी घेऊन सोमवारी रात्री मी आणि माझी रूममेट कामाला लागलो. बॉक्सची वायर सरळ टीव्हीला लावली. चित्र हजर! म्हणजे टीव्ही ठणठणीत, मदरबोर्डही ठणठणीत. साडेसहा हजार तिथेच वाचले.

मग चित्र जातं का? त्यासाठी एचडीएमआय थोडं समजून घ्यायला हवं.

आजोबा सांगतात, पूर्वी चिंचवडच्या गच्चीवरचे अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून असायचे. वारा आला की चित्रात मुंग्या यायच्या, कोणीतरी वर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून ओरडायचं, "आलं, आलं, थांब!" सिग्नल जेवढा खराब, तेवढं चित्र खराब. डिजिटलमध्ये असं हळूहळू होत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम स्वच्छ, आणि त्या पलीकडे एकदम काहीच नाही. म्हणून चित्र गेलं की आपल्याला वाटतं, काहीतरी मोठं जळालं.

शिवाय एचडीएमआय ही नुसती वायर नाही. २००२ च्या डिसेंबरमध्ये हे स्टँडर्ड आलं. त्याच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. काही पिनांवरून चित्र आणि आवाज जातो, पण त्याआधी दोन्ही यंत्रांची ओळख-परेड होते. होम थिएटर १८ व्या पिनवरून ५ व्होल्ट पाठवतं. टीव्ही १९ व्या पिनवरून "मी आलोय" असं कळवतो. मग होम थिएटर टीव्हीची माहिती वाचतं : कुठलं रिझोल्यूशन चालतं, कुठला आवाज चालतो. त्यानंतर कॉपी-संरक्षणाची तपासणी, म्हणजे एचडीसीपी. हे सगळं जमलं की मगच चित्र. याला हँडशेक म्हणतात, आणि ही तपासणी चित्र चालू असतानाही मधूनमधून होत राहते.

आता लाइट गेली आणि आली असं समजा. तिन्ही यंत्रं एकाच वेळी उठतात. पण आमचा स्मार्ट टीव्ही झोपेतून उठायला चांगला अर्धा मिनिट घेतो. होम थिएटर त्याआधीच दार वाजवतं, उत्तर येत नाही, मग ते गप्प बसतं. चांगली यंत्रं परत परत विचारतात. आमचं जुनं आहे, ते एकदाच विचारतं!

मग आठवलं. गुरुवारी आपल्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्या संध्याकाळीही कधीकधी चित्र जायचं. रात्री वॉचमन काका बोर्डावरून सगळं बंद करायचे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी रिमोटने आधी टीव्ही लावायचं आणि मग बाकीचं. म्हणून चित्र 'आपोआप' यायचं आणि कोणी खोलात जायचं नाही.

आम्ही वायर पुन्हा होम थिएटरमधून जोडली आणि तीन वेळा करून पाहिलं. सगळं एकदम चालू केलं : तिन्ही वेळा काळा पडदा. आधी टीव्ही, मग होम थिएटर, मग बॉक्स : तिन्ही वेळा चित्र. शेवटी टीव्हीच्या मागे जोरजोरात फडकंही मारलं. चित्र हललं नाही.

तुमच्या घरी किंवा रूमवर चित्र गेलं तर मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं करा :

१. टीव्हीवर योग्य इनपुट निवडलाय का ते पाहा. हसू नका, बरेचदा हेच असतं.

२. सगळं बोर्डावरून बंद करून दोन मिनिटं थांबा. मग आधी टीव्ही लावा, तो पूर्ण सुरू झाला की होम थिएटर, शेवटी बॉक्स.

३. तरी नाही आलं तर बॉक्स सरळ टीव्हीला जोडा. चित्र आलं तर टीव्ही बरा आहे.

४. वायर बदलून पाहा, टीव्हीचं दुसरं पोर्टही वापरून पाहा. लांब, स्वस्त किंवा टोकाशी मुडपलेली वायर साध्या एचडीला चालते आणि फोर-के लावलं की दगा देते, कारण डेटा कितीतरी पटींनी वाढतो. २००९ च्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट होती, २०१३ च्या २.० ची १८.

५. फोर-के वर चित्र नाही, पण रिझोल्यूशन कमी केल्यावर येतं? मग वायर कमजोर असेल किंवा मधलं होम थिएटर जुनं असेल. जुन्या यंत्राला एचडीसीपी २.२ समजत नसेल, तर बॉक्स सरळ टीव्हीला द्या आणि आवाज टीव्हीच्या एआरसी किंवा ऑप्टिकल पोर्टातून होम थिएटरला आणा.

प्लग काढताना-लावताना वीज बंद ठेवा आणि टीव्हीचं मागचं झाकण अजिबात उघडू नका.

मंगळवारी मॅडमना सगळं करून दाखवलं. त्यांनी पगारकपातीचा विषय तिथेच संपवला. बोर्डावर आता चालू करण्याच्या क्रमाचा कागद चिकटवलाय. एकूण खर्च शून्य रुपये.

मग मावशींना शोधलं आणि सांगितलं की त्या रात्री तुमचं नाव घेणाऱ्यांत मीही होते. त्या "असू दे गं" म्हणाल्या आणि झाडू उचलून पुढच्या रूमकडे गेल्या. मला मात्र अजून तसं 'असू दे' म्हणता येत नाही. म्हणून हा लेख.