पोटाचे वेळापत्रक

ज्याला परवापरवापर्यंत आपण साधे पोट म्हणत होतो, त्याचे आता ‘गट’ झाले आहे. ठाण्याच्या मॉलपासून डोंबिवलीतल्या औषधांच्या दुकानापर्यंत ‘गट हेल्थ’च्या कॅप्सूल दिसतात. आत कोट्यवधी जिवाणू, बाहेर वेष्टनावर प्रसन्न मनाचे आश्वासन. इंग्रजी शब्दाचे एवढे वाईट वाटत नाही. खुपते ते हे की, पोट आणि मन यांचे नाते एकदाचे विज्ञानाने मान्य केले आणि लगेच त्याची बाटली झाली. या पट्ट्यातल्या पोटांना हवा आहे तो वेळ, आणि तो बाटलीत मिळत नाही.

हे नाते काही नवे नाही. चिंता, शोक, भय, क्रोध असताना बेताने खाल्लेले पथ्याचे अन्नही पचत नाही, असे चरकसंहिता सांगते. पुढची शतके ओलांडून जाऊ. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला आली. १९०१ मध्ये ठाण्यात मनोरुग्णालय झाले. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि मनाविषयी चारचौघांत बोलण्याची सवय या शहराला लागली. तरीही पोटाचा रुग्ण एका दाराने आत जातो आणि मनाचा दुसऱ्या. १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरेन यांना जठरातला जिवाणू सापडला आणि अल्सर हा काळजीतून होतो ही समजूत मोडीत निघाली. ते योग्यच झाले, २००५ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. पण त्या धक्क्यात पोटाच्या तक्रारीत काळजीचे नाव काढणेच मागासलेपणाचे ठरले, आणि जळजळीवर गोळ्यांची पट्टी खिशात ठेवणे हा उपाय झाला.

खरा हिशेब मांडायचा तो २०१० ते २०२० या दशकाचा. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू दिला. त्यांची भीती कमी झाली. मग पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नस कापली, तर हा परिणाम दिसेनासा झाला. निरोप कोणत्या वाटेने जातो ते कळले. २०१३ मध्ये तिथल्याच टेड डिनन आणि सहकाऱ्यांनी ‘सायकोबायोटिक’ हा शब्द दिला आणि बाजाराला नाव मिळाले. २०१६ मध्ये आयबीएससारख्या आतड्याच्या जुनाट तक्रारींना ‘आतडे आणि मेंदू यांच्या संवादाचे विकार’ अशी अधिकृत ओळख मिळाली. या काळात आपण काय करत होतो? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात पोहोचली होती आणि ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या रेल्वे मार्गिकेची वाट पाहत होती. त्या मार्गिका सुरू झाल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधल्या वर्षांत लोकलची वेळ हीच शरीराची वेळ झाली. मोठ्या आतड्याची हालचाल सकाळी उठल्यावर आणि काही पोटात गेल्यावर सर्वांत जोरात असते. नेमकी तीच वेळ फलाटावर उभे राहण्याची. आलेली कळ दाबायची, डबा जमेल तेव्हा उघडायचा आणि रात्री दहानंतर जेवून आडवे व्हायचे. असे वर्षानुवर्षे चालले की आतडे कुरकुरते, आणि त्याची कुरकुर वर पोहोचतेच. व्हेगसमधले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे जाणारेच आहेत. आणि २०१८ मध्ये उभा महाराष्ट्र भांडला कशावर? आहाराचा सल्ला देणाऱ्या दीक्षितांप्रमाणे पंचावन्न मिनिटांत उरकून दोनदाच जेवावे की दिवेकरांप्रमाणे दर दोन तासांनी खावे यावर! पंचावन्न मिनिटे मोजणाऱ्यांनी ती पंचावन्न मिनिटे कल्याणच्या चाकरमान्याकडे आहेत का, हे विचारले नाही.

यावर आक्षेप येतील, आणि काही रास्त आहेत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कॉर्कच्याच गटाने २०१७ मध्ये तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. काहीही फरक पडला नाही, आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे छापलेही. कॅप्सूल विकणारे हा निष्कर्ष सांगत नाहीत. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे वाक्य मात्र हमखास सांगतात. ते सेरोटोनिन थेट मेंदूत शिरत नाही, एवढे सोयीस्कर विसरतात. मग पुरावा उरतो कुठे? ताटात. २०१७ मध्येच ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या ६७ जणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. कडधान्ये, भाज्या, अख्खी धान्ये असा आहार आणि सोबत आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश त्या आजारातून बाहेर आले, नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्यांत आठ टक्के. प्रयोग लहान आहे, शिवाय आपण काय खातो हे सहभागींना ठाऊक होते, तेव्हा आकडा जपूनच वापरायला हवा. पण दिशा दिसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: पूर्वीचे ताजे ताट कोणाच्या जिवावर वाढले जात होते? पहाटे चारला उठणाऱ्या बाईच्या. तीच पुढे लोकलच्या डब्यातही उभी राहिली, म्हणून तो काळ परत मागण्याचा अधिकार कुणाला नाही. डोंबिवलीने यावर आपले उत्तर शोधले होते ते पोळी-भाजी केंद्राचे. घरचीच चव, ताजी आमटी-उसळ, आणि पोळ्या लाटणाऱ्या हातांना मोबदला. त्या केंद्रांची गिऱ्हाइके आता दहा मिनिटांत दारात येणाऱ्या पाकिटांकडे वळत आहेत, आणि याच पाकिटांच्या शेजारी जिवाणूंची बाटलीही मागवता येते.

उरतो तो वेळेचा प्रश्न. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान तुडुंब लोकलमधून माणसे पडली आणि मेली. त्यानंतर चर्चा झाली ती बहुतेक आपोआप बंद होणाऱ्या दारांची. गर्दी विभागण्यासाठी कार्यालयांनी वेळा पुढे-मागे कराव्यात ही मध्य रेल्वेची विनंती जुनीच आहे, आणि ती अजून विनंतीच आहे. कॅप्सूल परवडत असेल त्याने ती जरूर घ्यावी. फक्त त्याआधी एकदा साहेबाकडे सकाळचा अर्धा तास मागून पाहावा.