चिनी भाषेची भीती आणि मराठी कान

बारावीनंतर लातूरचा क्लास, नीटचे एक-दोन प्रयत्न आणि मग घरात चीनला जाऊन डॉक्टर होण्याचा विषय. सोनपेठसारख्या गावातल्या पालकांना ही वाट ओळखीची आहे. फीचा हिशेब मांडून होतो आणि शेवटी कुणीतरी भाषेचं विचारतं. एजंटचं उत्तर ठरलेलं असतं: “सगळं इंग्रजीतच आहे, चिनीची गरज नाही.” मला हाच समज सगळ्यांत घातक वाटतो.

वर्ग इंग्रजीत असतात, हे खरं. पण रुग्ण चिनीच बोलतो. खाटेवरची म्हातारी पोटात कळ कुठून उठते ते तिच्याच भाषेत सांगणार. बीजिंगच्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर 2022 मध्ये सूचनापत्रक काढून हे स्पष्ट केलं: वैद्यकीय विद्यार्थ्याने ‘एचएसके’ या चिनी परीक्षेची चौथी पातळी गाठली नाही, तर पदवी मिळणार नाही. जुन्या सहा पातळ्यांच्या आराखड्यात तिथवर सुमारे 1200 शब्द लागतात. त्याच पत्रकातला आणखी एक आकडा प्रत्येक पालकाने वाचावा. 2015 ते 2021 या काळात चीनहून शिकून आलेल्या 40,417 जणांनी भारतातली परवाना परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले 6,387. याची कारणं अनेक असतील. पण ज्याला रुग्णाशी चार वाक्यं बोलता येत नाहीत, तो वॉर्डात उभा राहून काय शिकणार?

दुसरी बाजू उलट्या समजाची: “चिनी आपल्याला जमणारच नाही.” इथे मराठी मुलांनी थोडं धीराने ऐकावं, कारण त्यांच्या कानात आणि जिभेत बरंच काही आधीच आहे. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहितात. त्यातला ‘बी’ खरं तर आपल्या ‘प’सारखा असतो आणि ‘पी’ म्हणजे श्वास सोडून उच्चारलेला ‘प’. ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘टी’ म्हणजे ‘थ’. म्हणून राजधानीचं नाव ‘पेइचिंग’सारखं ऐकू येतं. प-फ, त-थ, क-ख हा भेद इंग्रजांना घोकावा लागतो, आपण तो पहिलीतच गिरवतो. ‘झेड’ अक्षराचा उच्चार ‘चूल’मधल्या ‘च’चा. हा ‘च’ हिंदीत नाही, मराठीत आहे.

व्याकरणही वाटतं तितकं परकं नाही. ‘नी लाय मा?’ म्हणजे ‘तू येतोस का?’ शेवटचा ‘मा’ हा आपला ‘का’. ‘वो त शू’ म्हणजे ‘माझं पुस्तक’, त्यातला ‘त’ आपल्या ‘चा-ची-चे’चं काम करतो. ऐकणाऱ्याला सोबत घेणारं ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारं ‘आम्ही’ असा फरक उत्तर चीनच्या बोलण्यातही आहे. क्रियापदाला लिंग-वचनाचे प्रत्यय मात्र नाहीत, मराठी शिकणाऱ्याला जो त्रास होतो तो इथे नाही.

खरी कसोटी सुरांची. ‘माय’ हा एकच उच्चार खाली नेऊन वर उचलला की ‘विकत घेणे’, झटक्यात खाली टाकला की ‘विकणे’. पेठेत गल्लत झाली तर व्यवहारच उलटा. यावर रोज मोठ्याने बोलण्याचा सराव हाच उपाय.

लिपीबद्दल “पन्नास हजार चित्रं पाठ करायची” असं बोललं जातं. चीनने 1988 मध्ये काढलेल्या नित्य वापराच्या यादीत 3,500 अक्षरं आहेत आणि बहुतेक अक्षरं चित्रं नसून जोडकामं आहेत: एक भाग अर्थाचा, दुसरा उच्चाराचा. ‘आई’च्या अक्षरात डावीकडे ‘स्त्री’, उजवीकडे ‘घोडा’. घोड्याला ‘मा’ म्हणतात, म्हणून तो फक्त आवाजापुरता.

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही, असंही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. युद्धाच्या धामधुमीत कोटणीस भाषा इतकी शिकले की चिनीतून शिकवू लागले. डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी ते गेले, तेव्हा शल्यचिकित्सेवरचं त्यांचं चिनी पुस्तक अर्धवट होतं. तिथे त्यांचं नाव ‘ख तीहुआ’, आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. वसंत परांजपे 1947 मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि 1954 मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषे झाले.

आता घरची काळजी. शाकाहारी मुलाने ‘वो छ्र सू’ हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करावं. तरी भाजीत मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्यावं. गरम पाणी जागोजागी मिळतं. फोनचा प्रश्न मात्र गाडीत बसण्याआधी सोडवा. व्हॉट्सॲप तिकडे बंद, आणि तिकडचं वीचॅट इकडे जून 2020पासून बंद. चीनचं घड्याळ अडीच तास पुढे, सोनपेठला साडेसात वाजले की तिकडे दहा. जेवणं आटोपून फोन करावा म्हटलं, तर पोर झोपलेलं असेल.