चाप किती जड हवा?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. कारखान्यातून येणाऱ्या काही रायफलींचा चाप ओढायला दोन-अडीच किलोचा जोर लागतो आणि रायफल स्वतः असते जेमतेम साडेतीन किलोची! त्या ओढीत नळी किंचित हलते, दोनशे मीटरवर नेम हुकतो. म्हणून टिम्नीसारख्या कंपन्यांचे सुटे ट्रिगर बसवतात.

सगळी करामत असते सिअर नावाच्या इवल्याशा पोलादी तुकड्याची. ताणलेली फायरिंग पिन तो अडवून धरतो. त्याची पकड गुळगुळीत आणि उथळ, तर चाप हलका. पण ती फारच उथळ झाली, तर रायफल नुसती आपटली तरी बार उडायचा. शिवाय थंडीत हातमोज्यातल्या बोटाला हलका चाप कळतच नाही. स्पर्धेतल्या नेमबाजांचा अलवार ट्रिगर रानात नकोच. सव्वा ते दीड किलो पुरे. तोही जाणत्या गनस्मिथकडूनच बसवून घ्यावा.

अर्थात मूळचा ट्रिगर निर्धोकच असतो, असंही नाही. आपोआप गोळी सुटण्याच्या धोक्यामुळे रेमिंग्टन या रायफल कंपनीने २०१४ मध्ये ‘एक्स-मार्क प्रो’ ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या होत्या.