लहानमोठ्या यशाची साप्ताहिक नोंद

गावात रस्ता होतो तेव्हा तो होताना दिसतो. आधी मुरूम पडतो, मग खडी येते, रोलर फिरतो. शाळेची खोली जोत्यापासून छपरापर्यंत वर चढताना सारे गाव पाहत असते आणि अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात तिची रीतसर नोंद होत असते. संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजेच आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात सॉफ्टवेअरचे काम असे दिसत नाही. एखादी चूक शोधण्यात चार दिवस जातात आणि ती दोन ओळींत दुरुस्त होते. दुरुस्तीनंतर पडद्यावर काहीच नवीन दिसत नाही. जे बंद पडत होते ते बंद पडेनासे होते, इतकेच. अशा कामात महिनोन्‌महिने गुंतलेल्या माणसाला आपण पुढे सरकलो की जागच्या जागी आहोत, हे कळावे कसे?

या प्रश्नाच्या उत्तरादाखल सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात एक साधी प्रथा रूढ झाली आहे. आठवड्याच्या अखेरीस, बहुधा शुक्रवारी दुपारी, गटातील सर्वजण एकत्र बसतात आणि त्या आठवड्यात काय साध्य झाले ते प्रत्येकजण थोडक्यात सांगतो. नवी प्रणाली लोकांच्या हाती गेली, हे मोठे यश. परंतु एखादी जुनी चूक सापडली, नव्याने आलेल्या सहकाऱ्याला काम समजावून दिले, किचकट भागाचे टिपण लिहून ठेवले, अशा गोष्टीही त्याच बैठकीत तितक्याच आस्थेने सांगितल्या जातात व ऐकल्या जातात. शक्य असेल तेथे केवळ सांगण्यावर न थांबता काम चालवून दाखविले जाते. चहा असतो, क्वचित मिठाई असते, टाळ्या असतात. यापलीकडे समारंभ नसतो.

शासकीय कार्यालयांना साप्ताहिक बैठक नवी नाही. मात्र आपल्या आढावा बैठकीचा सूर निराळा असतो. तेथे प्रलंबित प्रकरणांची यादी वाचली जाते आणि विलंबाचे कारण विचारले जाते. तेही आवश्यकच आहे. पण ज्या तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने आठवड्यात चाळीस प्रकरणे मार्गी लावली, त्याच्या वाट्याला त्या बैठकीत उरलेल्या सहा प्रकरणांचा खुलासाच येतो. सॉफ्टवेअर तंत्रज्ञांच्या या प्रथेत झालेल्या कामाचा उच्चार प्रथम होतो, राहिलेल्याचा नंतर. या क्रमाला काही आधार आहे की ती केवळ तरुण मंडळींची हौस आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या अभ्यासकांनी अमेरिकेत याविषयी विस्तृत संशोधन केले व २०११ साली ते प्रसिद्ध झाले. सात कंपन्यांतील २६ गटांमध्ये काम करणाऱ्या २३८ जणांना त्यांनी दररोज कामाच्या शेवटी छोटीशी दैनंदिनी लिहावयास सांगितली. अशा सुमारे १२,००० नोंदी जमल्या. त्यांतून दिसले ते असे की, ज्या दिवशी माणसाचे मन सर्वांत प्रसन्न होते अशा दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी कामात काहीतरी प्रगती झालेली होती. ही प्रगती बहुतेक वेळा किरकोळच असे. याच संशोधकांनी ६६९ व्यवस्थापकांना असेही विचारले की, कर्मचाऱ्याचा उत्साह कशाने वाढतो? पुढे ठेवलेल्या पाच कारणांत कामातील प्रगतीला साहाय्य करणे हे कारण व्यवस्थापकांनी शेवटच्या क्रमांकावर टाकले! काम करणाऱ्याला जे सर्वाधिक हवे असते, ते काम करवून घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते, असा याचा अर्थ होतो.

ही प्रथा सॉफ्टवेअरच्या जगात अचानक उगवलेली नाही. जपानमधील कारखान्यांत १९६२ पासून कामगारांची छोटी मंडळे आपल्या कामातील अडचणी स्वतःच शोधून सोडवू लागली व केलेली सुधारणा इतरांपुढे मांडू लागली. भारतात १९८० साली हैदराबाद येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात असे पहिले 'क्वालिटी सर्कल' सुरू झाले आणि पुढे देशभरच्या उद्योगांत ही कल्पना पसरली. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र बराच काळ धरण बांधावे तशी पद्धत होती. आधी संपूर्ण आराखडा, मग वर्ष-दोन वर्षे काम आणि अखेरीस एकदम उद्घाटन. कित्येकदा उद्घाटनाच्या दिवशी कळे की, ज्याला ती प्रणाली वापरायची होती त्याची गरज वेगळीच होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी थोड्या थोड्या अवधीने चालू स्थितीतील काम वापरणाऱ्याच्या हाती द्यावे, असा आग्रह धरणारा जाहीरनामा तयार केला. एक-दोन आठवड्यांचे टप्पे, टप्प्याच्या शेवटी प्रात्यक्षिक आणि त्यानंतर काय जमले व काय जमले नाही याची मोकळी चर्चा, ही रीत त्यानंतर सर्वत्र झाली. साप्ताहिक यशाची नोंद हे तिचेच घरगुती रूप म्हणता येईल.

नाशिकचा अनुभव

नाशिक जिल्ह्याला या विषयाचा एक अनुभव आहे आणि त्यात पणाला लागलेली गोष्ट फार मोलाची होती. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. पुढील सिंहस्थ २०१५ साली होता. तो जवळ येऊ लागला तसे शहराच्या मनात या दुर्घटनेची आठवण होतीच.

नाशिकचेच सुपुत्र आणि अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या मीडिया लॅबमधील प्राध्यापक डॉ. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून नाशिकमध्ये 'कुंभथॉन' या नावाने शिबिरे भरू लागली. नाशिकजवळच्या ग्रामीण भागातून पुढे आलेले व भारतीय भाषांचे संगणकीय शब्दकोश सिद्ध करणारे श्री. सुनील खांडबहाले यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यात होते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, डॉक्टर, व्यावसायिक, परदेशी संशोधक आणि अगदी शाळकरी मुलेही या शिबिरांत एकत्र आली. गर्दी, आरोग्य, निवास, अन्न, वाहतूक हे विषय वाटून घेऊन गट काम करीत. मेळा झाल्यावर उपाय सापडून उपयोग नव्हता. त्यामुळे थोड्या अवधीत काहीतरी चालते करून दाखवायचे, त्यातील उणिवा ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या खेपेस सुधारून आणायचे, असाच या कामाचा घाट होता.

यातून निघालेले एक साधन उल्लेखनीय आहे. नाशिकच्या शालेय विद्यार्थ्यांच्या गटाने पावलांचा दाब ओळखणारी एक चटई तयार केली व तिला 'अशिओतो' असे नाव दिले. जपानी भाषेत पावलांच्या आवाजाला हा शब्द आहे. भाविक चटईवरून चालत गेले की त्यांची मोजणी होई आणि ती माहिती त्याच क्षणी संगणकावर पोहोचे. एखाद्या मार्गावरून दर मिनिटाला किती माणसे जात आहेत हे कळले, आणि तो ओघ एकाएकी मंदावल्याचे दिसले, तर पुढे कोठेतरी माणसे अडली आहेत हे ओळखता येते. चेंगराचेंगरी टाळण्यासाठी बंदोबस्तावरील अधिकाऱ्याला जी माहिती सर्वांत आधी हवी असते ती हीच. २०१५ च्या मेळ्यात या चटईने १८ तासांत सुमारे पाच लाख भाविकांची मोजणी केली.

पाच लाखांचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. परंतु त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर चटईने पहिल्यांदा एक पाऊल अचूक मोजले असेल, तो दिवस कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. गटाच्या दृष्टीने त्या दिवसाचे मोल कमी नसते. त्याची दखल घेणारे कोणी नसेल तर पुढच्या बिघाडाच्या वेळी मुले काम सोडून देण्याचा संभव अधिक.

२०१५ च्या सिंहस्थात २००३ सारखी दुर्घटना घडली नाही. याचे श्रेय एका चटईला किंवा एका शिबिराला देणे अर्थातच चुकीचे ठरेल. नवे घाट, शहराबाहेरील वाहनतळ, पोलीस, महसूल व महापालिका यांचे दीर्घकाळचे नियोजन हे त्यामागे होते. त्या नियोजनातही आढाव्यातून सुधारणा झालीच. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाही पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना लांबवर पायपीट करावी लागली, गर्दी अपेक्षेपेक्षा कमी राहिली आणि टीका झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीपूर्वी निर्बंध सैल करण्यात आले. दोन पर्वण्यांमध्ये पंधरा दिवसांचा अवधी होता. सॉफ्टवेअरवाले ज्याला टप्प्याअखेरचा आढावा म्हणतात, तोच येथे प्रशासनाने केला. त्याला ते नाव दिले नाही, एवढेच. मेळ्यानंतर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रतिष्ठानाने नाशिकमध्ये 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र चालविले. सामाजिक प्रश्नांवर संगणकीय उपाय शोधणाऱ्या तरुणांना तेथे वाव मिळाला.

आकड्यांचा मोह

या प्रथेला एक धोका आहे आणि शासकीय यंत्रणेत तो विशेषच संभवतो. यशाची नोंद म्हटली की तक्ता येतो, तक्ता आला की रकाना येतो आणि रकान्यात आकडा भरावा लागतो. १९८२ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीत 'लिसा' हा संगणक तयार होत असताना व्यवस्थापकांनी असा आदेश काढला की, प्रत्येक अभियंत्याने दर आठवड्याला आपण आज्ञावलीच्या किती ओळी लिहिल्या ते एका नमुन्यात भरून द्यावे. बिल ॲटकिन्सन या कुशल अभियंत्याने त्या आठवड्यात चित्रे काढणारा भाग नव्याने रचून अधिक वेगवान केला होता आणि तसे करताना सुमारे २,००० ओळी कमी झाल्या होत्या. त्याने रकान्यात 'उणे २,०००' असा आकडा भरला. काही आठवड्यांनी त्याला तो नमुना विचारणे बंद झाले.

ॲटकिन्सनची नोंद खरी होती, रकाना चुकीचा होता. म्हणून जाणकार गटांत या बैठकीला तक्ता ठेवत नाहीत. दोन वाक्यांत तोंडी सांगावे, असा संकेत असतो. कोणाचे यश मोठे आणि कोणाचे लहान याची तुलना होत नाही, बक्षीस जाहीर होत नाही. 'या आठवड्यात काही जमले नाही, अमुक ठिकाणी अडलो आहे' असे सांगण्याचीही मुभा असते आणि ती नसेल तर बैठकीत खोटे यश सांगितले जाऊ लागते. अबोल माणसाचे काम त्याच्या सहकाऱ्याने सांगावे, हीदेखील चांगली रीत आहे. कारण या क्षेत्रात सर्वांत अवघड काम करणारे पुष्कळदा सर्वांत कमी बोलतात.

वापरणाऱ्याचा वाटा

हा विषय केवळ संगणक कंपन्यांचा राहिलेला नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, सातबारा, शाळेची पटनोंदणी हे सारे सॉफ्टवेअरवर चालते. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांचा दिवस सुरळीत जाणे कोठेतरी बसलेल्या तंत्रज्ञाच्या आठवड्यावर अवलंबून असते. ई-पीक पाहणीचेच उदाहरण घ्यावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी मोबाईलवरून स्वतःच्या पिकाची नोंद करू लागले. घाईत एखाद्याने सोयाबीनऐवजी दुसरेच पीक नोंदविले तर काय, हा प्रश्न होता. २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. तंत्रज्ञाच्या यादीत ही एक ओळ असेल. शेतकऱ्याची तलाठी कार्यालयाची एक फेरी तिने वाचविली.

पण ती फेरी वाचली हे तंत्रज्ञाला कळते का? सामान्यतः नाही. प्रणाली बंद पडली की तालुक्यातून दूरध्वनी जातात, संदेश जातात. चालू राहिली की कोणी काही कळवीत नाही. त्यामुळे आठवड्याच्या बैठकीत तंत्रज्ञ आपल्या परीने जे यश सांगतो ते बऱ्याचदा अंदाजानेच सांगतो. ज्या गटांत प्रत्यक्ष वापरणाऱ्याला महिन्यातून एकदा तरी त्या बैठकीत बोलावले जाते, तेथे चर्चेला निराळीच धार येते. एखादी शिक्षिका सांगते की, हजेरीचे पान पूर्वी मोबाईलवर उघडायला फार वेळ लागे, आता लगेच उघडते आणि पहिला तास वाया जात नाही. याने गटाला जे समाधान मिळते ते टाळ्यांनी मिळत नाही. शिवाय त्याच वेळी ती हेही सांगते की, नावातील जोडाक्षरे अजून तुटतात. पुढच्या आठवड्याचे काम आपोआप ठरते.

पंचायत समितीच्या किंवा शाळेच्या पातळीवर असे करण्यास स्वतंत्र तरतूद लागत नाही. प्रणालीतील अडचण कळविण्याच्या पत्रात, गेल्या खेपेस केलेली कोणती दुरुस्ती उपयोगी पडली हे एका ओळीत लिहिता येते. दुरुस्ती नेमकी कोणती, तिने किती वेळ वाचला आणि कोणाचा, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. 'प्रणाली उत्तम आहे' असा मोघम अभिप्राय मात्र निरुपयोगी होय.

नाशिकमध्ये आता पुढील सिंहस्थाची सिद्धता सुरू झाली असून पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. गर्दीची मोजणी, वाहनतळ, हरवलेल्या व्यक्तींचा शोध, आरोग्यसेवा या कामांसाठी या वेळी संगणकीय प्रणालींवर २०१५ पेक्षा कितीतरी अधिक भिस्त राहणार आहे आणि त्या प्रणाली चालविण्याचे काम पोलीस शिपाई, शिक्षक आणि स्वयंसेवक यांच्याकडेच यावयाचे आहे. पर्वणीच्या आधीच्या चाचण्यांत त्यांनी काय चालले व काय अडले हे तंत्रज्ञांना त्याच आठवड्यात कळविले, तर दुरुस्तीला अवधी मिळेल.