एक जहाज आणि मंचरचा मका

पावसाळ्यात मंचरला रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर कणसं तडतडायला लागली की पाय आपोआप तिकडे वळतात. पण मुलांनो, पुढच्या वेळी कणीस सोलताना थोडं थांबा. आतून निघणारे ते रेशमी केस आपण ओढून फेकून देतो ना? त्यातला एकेक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी वाट असते! मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो. त्यातले परागकण वाऱ्याने खाली झडतात. एखादा कण केसावर पडला की त्याच्यातून एक बारीक नळी फुटते आणि केसाच्या आतून वाढत वाढत थेट कणसात पोचते. तिथे एक दाणा भरतो. चारशे दाणे भरले, म्हणजे चारशे केसांवर पराग पडला. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या मुळाशी जागा रिकामी राहते. काही कणसं दात पडल्यासारखी का दिसतात, हे आता कळलं ना? आणखी एक करा, कणसावरच्या दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. बारा येतील, चौदा येतील, सोळा येतील. तेरा किंवा पंधरा जवळजवळ कधीच येणार नाहीत, कारण कणसावर फुलं जोडीजोडीने उगवतात.

याच मक्याने चारशे वर्षांपूर्वी एका जहाजातल्या माणसांचा जीव वाचवला. त्या जहाजाचं नाव मेफ्लॉवर.

तेव्हा इंग्लंडमध्ये राजाच चर्चचा प्रमुख होता. राजाच्या चर्चमध्ये ठरलेल्या पद्धतीनेच प्रार्थना करायची, नाहीतर दंड भरायचा किंवा तुरुंगात जायचं. काही माणसांना हे पटेना. देवाची प्रार्थना कशी करायची हे राजाने का सांगावं, बायबल आमचं आम्ही वाचू, असं त्यांचं म्हणणं. स्क्रूबी नावाच्या खेड्यातली अशी काही कुटुंबं आधी लपतछपत हॉलंडला गेली. लायडन शहरात ती दहा-अकरा वर्षं राहिली. तिथे कुणी त्रास दिला नाही, पण काम फार कष्टाचं होतं, लहान मुलंसुद्धा राबायची. शिवाय मुलं डच भाषा बोलू लागली, डच रीती उचलू लागली. आईबाप काळजीत पडले. मग त्यांनी ठरवलं, समुद्रापार अमेरिकेला जायचं.

निघाली होती दोन जहाजं, पण स्पीडवेल नावाचं दुसरं जहाज गळायला लागलं. मागे फिरावं लागलं, पुन्हा निघाले, ते पुन्हा गळलं! शेवटी सप्टेंबर १६२० मध्ये एकटं मेफ्लॉवर १०२ प्रवाशांना घेऊन निघालं. त्यांतले सगळेच काही धर्मासाठी निघालेले नव्हते. बरेचजण काम आणि जमीन मिळेल या आशेने आले होते. मुलं तीसच्या आसपास. आत डोकं वर करून धड उभंही राहता येत नव्हतं. वादळात जहाजाची एक मोठी तुळई तडकली, तेव्हा सोबत आणलेल्या भल्यामोठ्या लोखंडी स्क्रूने ती उचलून धरली. जॉन हाउलंड नावाचा तरुण लाटेबरोबर समुद्रात गेला, पण जहाजाचा लोंबणारा दोर त्याच्या हाती लागला आणि त्याला वर ओढून घेतलं. भर समुद्रात एक बाळही जन्मलं. त्याचं नाव ठेवलं ओशनस. सहासष्ट दिवसांनी किनारा दिसला, तोही भलताच. जायचं होतं हडसन नदीच्या तोंडाशी, पोचले कितीतरी उत्तरेला.

तेव्हा नोव्हेंबर होता आणि पुढे बर्फ होता. पेरणीचे दिवस निघून गेलेले. बरेचजण जहाजातच राहिले. थंडी, अपुरं अन्न आणि आजार यांनी वसंत येईपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं दगावली.

सुरुवातीला अन्न शोधताना त्यांना वाळूत पुरून ठेवलेल्या टोपल्या सापडल्या. त्यांत पिवळे, लाल, निळसर दाणे होते. ते मक्याचं बियाणं होतं, तिथल्या माणसांनी पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेलं. यांनी ते न विचारता उचललं. पुढे भरपाई दिली, पण दुसऱ्याचं बियाणं उचलणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी वेगळं सांगायला नको.

मार्च १६२१ मध्ये एक नवल घडलं. समोसेट नावाचा तिथला एक माणूस सरळ त्यांच्या नव्या वस्तीत चालत आला आणि त्याने चक्क इंग्रजीत स्वागत केलं! किनाऱ्यावर येणाऱ्या इंग्रज कोळ्यांकडून तो थोडी भाषा शिकला होता. काही दिवसांनी त्याने आणखी एकाला आणलं. त्याचं नाव टिस्क्वांटम. त्याची गोष्ट ऐकून मला नेहमी वाईट वाटतं. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पकडलं आणि गुलाम म्हणून विकायला स्पेनला नेलं. तिथून तो कसाबसा सुटला, इंग्लंडला पोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला. तर त्याचं पटुक्सेट गाव ओस पडलेलं! परक्या जहाजांबरोबर आलेल्या साथीत गावच्या गाव संपलं होतं. मेफ्लॉवरच्या लोकांना जी आयती मोकळी शेतजमीन मिळाली, ती याच गावाची.

आणि या माणसाने त्यांना शेती शिकवली. वसंतात ओढ्यातून चढून येणारे मासे पकडायचे, ते मातीत पुरायचे आणि तिथेच मका लावायचा. मासे कुजले की नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो. आपण शेणखत घालतो, त्यांनी मासे घातले! तिथले वाम्पानोआग लोक मक्यासोबत घेवडा आणि भोपळाही लावायचे. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून जमिनीत आणतात. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, त्यामुळे ओल टिकते आणि तण वाढत नाही.

त्या वर्षी वीस एकर मका लावला. इंग्लंडहून आणलेला वाटाणा मात्र उन्हाने करपून गेला. मका चांगला आला. शरद ऋतूत मोठी मेजवानी झाली. मॅसासोइट हा तिथला सरदार नव्वद माणसं घेऊन आला. त्यांनी पाच हरणं मारून आणली. तीन दिवस जेवणावळी चालल्या. त्या पंगतीत बटाटा नव्हता बरं का! बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांचा. त्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर तो तोवर पोचलाच नव्हता. आज आपल्या सातगाव पठारावरचा बटाटा मंचरच्या बाजारात येतो. मका, बटाटा, मिरची, टोमॅटो ही सगळी मूळची अमेरिकेकडची पिकं. आपल्याकडे त्यांची वाट उघडली ती पोर्तुगीजांच्या जहाजांनी.

मैत्री मात्र टिकली नाही. इंग्रजांची जहाजं येत राहिली, जमीन बळकावली जाऊ लागली. १६७५ मध्ये मॅसासोइटचाच मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढायला उभा राहिला. त्या युद्धात त्याच्या लोकांचा फार मोठा संहार झाला. ज्यांनी जगवलं, त्यांच्यावर ही वेळ आली, हे वाचताना मला संताप येतो.

आता थोडं जुन्नरकडे बघा. मंचरहून नारायणगावमार्गे गेलं की शिवनेरी. १६३० मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. महाराज पाळण्यात होते, त्याच वसंतात धर्मासाठी देश सोडणाऱ्या इंग्रजांचा आणखी मोठा ताफा, अकरा जहाजांचा, अमेरिकेला निघाला. त्यांना प्युरिटन म्हणतात. त्यांनी बोस्टन वसवलं. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचायचं, म्हणजे प्रत्येकाला वाचता यायला हवं, असा त्यांचा हट्ट होता. १६४७ मध्ये त्यांनी कायदाच केला, पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक ठेवलाच पाहिजे!

हा हट्ट पुढे आपल्याकडे आला. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, त्याच पंथाच्या वारसदारांनी १८१० मध्ये धर्मप्रसारासाठी एक संस्था काढली. फेब्रुवारी १८१३ मध्ये तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना राहू द्यायला तयार नव्हती, तरी ते चिकटून राहिले. मराठी शिकले आणि शाळा काढल्या. त्यांचं मिशन पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखलं गेलं. या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. तेव्हा मुलीने पाटी हातात घेणं लोकांना सहन होत नसे. हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना पटकीने वारले. त्र्यंबकेश्वर-नाशिकला साथ होती आणि ते आजाऱ्यांना औषध वाटत फिरत होते.

१८२७ मध्ये याच मिशनमध्ये सिंथिया फॅरार नावाच्या बाई आल्या. एकट्या, अविवाहित. त्या काळात अशी बाई समुद्र ओलांडून शिकवायला जाते, हेच विलक्षण होतं. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरंच. पण फॅरारबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं नगरच्या मुलींना शिकवण्यात घालवली. १८६२ मध्ये त्या नगरलाच वारल्या.

त्यांच्या शाळा बघायला एक तरुण नगरला आला होता. मुली वाचताहेत, लिहिताहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि ठरवलं, आपल्या पुण्यातही हे व्हायलाच हवं. तो तरुण म्हणजे जोतिराव फुले. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, आणि शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीबाई.